विश्लेषण : रेल्वे बीडपर्यंत आली, कोकणचा समुद्र किती जवळ आला?

नगर-बीड-परळी रेल्वेमार्गाची वाट बीडकरांनी तीन दशके पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. त्याच वर्षी राज्यातील पाच समुद्रकिनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले आणि कोकणातील तीन जलदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साहजिकच आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत ‘यंदा कोकण’चे बेत आखले जात आहेत. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात समुद्र नाही आणि समुद्राची सवयही नाही. त्यामुळे कुठे जायचे यापेक्षा कधी जायचे आणि पाण्यात किती उतरायचे, हे आधी समजून घ्यावे लागते.

रेल्वेने कोकण गाठता येते का?

थेट नाही. २६१ किलोमीटरच्या प्रकल्पातील अहिल्यानगर ते बीड हा सुमारे १६७ किलोमीटरचा भाग सुरू झाला आहे. पुढे पुणे किंवा पनवेल गाठून कोकण रेल्वे पकडावी लागते. मुलाबाळांसह, पिशव्या-पथाऱ्या घेऊन इतक्या गाड्या बदलणे सोपे नाही. परळी भागातील लोकांना दुसरी वाट आहे. परळीहून लातूर, पंढरपूर, मिरजमार्गे कोल्हापूरला रेल्वे जाते आणि कोल्हापूरहून गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली घाट उतरले की सिंधुदुर्ग. मालवण-तारकर्लीला जायचे असेल तर पुण्याला वळसा घालण्यापेक्षा हे बरे.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी पुण्यापुढे ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन-दिघी हा मार्ग आहे. बीड शहरातून रायगडचा किनारा साधारण पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडतो. म्हणजे जाण्या-येण्यातच दोन दिवस. शनिवार-रविवारची सहल पुणेकरांना जमते, आपल्याला नाही. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. त्यामुळे आजी, आई, मुली असे कुटुंब असेल तर भाड्याच्या जीपपेक्षा एसटीचा हिशेब आधी करून पाहावा. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे.

ब्लू फ्लॅग मिळालेले किनारे कोणते?

रायगडमधील श्रीवर्धन व नागाव, रत्नागिरीतील गुहागर व लाडघर आणि पालघरमधील डहाणूचा पारनाका. डेन्मार्कमधील एका संस्थेमार्फत दिल्या जाणाऱ्या या मानांकनासाठी पाण्याची गुणवत्ता, स्वच्छता, माहितीफलक, सुरक्षा असे ३३ निकष असतात. ते कायमचे मिळत नाही, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. कपडे बदलायला जागा, शौचालय, जीवरक्षक यांची सोय अशा ठिकाणी असण्याची शक्यता जास्त. महिला आणि मुले सोबत असतील तर प्रसिद्ध, गजबजलेल्या किनाऱ्यापेक्षा या पाचांपैकी एखादा निवडणे शहाणपणाचे. पण निळा झेंडा म्हणजे तिथला समुद्र शांत आहे असे प्रमाणपत्र नव्हे.

बेटांवरील किल्ल्यांचे काय?

मालवणचा सिंधुदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि अलिबागजवळचा खांदेरी हे तिन्ही पाण्यातले किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी आहेत. जंजिरा त्या यादीत नाही, मात्र गर्दी त्याच्याकडे कायम असते.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात, तर हर्णैशेजारचे मुरूड रत्नागिरीतील दापोली तालुक्यात. दोन्हींना समुद्र आहे. नकाशात नुसते ‘मुरूड’ टाकले तर आपल्या भागातला फोन लातूरचे मुरूडही दाखवू शकतो! तेव्हा जिल्हा पाहूनच खोली आरक्षित करावी.

बेटावर जायचे तर तारखा महत्त्वाच्या. साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात खवळलेल्या समुद्रामुळे प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. ही बंदी किती गरजेची आहे हे २४ मे २०२२ रोजी, म्हणजे मुदतीच्या अवघे दोन दिवस आधी, तारकर्लीत दिसले. स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, त्यात तर हवामानाचा दोषच नव्हता. लाइफ जॅकेट बोटीत असून चालत नाही, ते अंगात बांधलेले हवे. नावाडी ‘काही होत नाही’ म्हणाला तरी मागून घ्यावे, आणि नाही म्हणाला तर उतरावे.

विहिरीत पोहणारा समुद्रात का बुडतो?

बीड जिल्ह्यात पोहणे म्हणजे विहीर, शेततळे, फार तर माजलगाव किंवा मांजरा धरणाचा काठ. विहिरीत मुटका मारणारा पोरगा समुद्राला भीत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. विहिरीतले पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचे नेते.

लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे लोटत असतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवे. वाळूच्या दांड्यांमध्ये जिथे खळगा असतो, तिथून ते अरुंद पट्ट्यात जोराने समुद्राकडे परतते. या पट्ट्यावर लाटा फारशा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी शांत आणि जरा गडद दिसते. नवखा माणूस नेमकी तीच ‘शांत’ जागा निवडतो. वाळू पायाखालून सरकते, गुडघाभर पाण्यातून तो गळाभर पाण्यात जातो आणि घाबरून थेट किनाऱ्याकडे हात मारू लागतो. प्रवाहाच्या विरुद्ध पट्टीचा पोहणाराही थकतो. माणसे बुडतात ती बहुधा या दमछाकीने.

हा पट्टा सहसा फार रुंद नसतो. त्यात सापडल्यास अंग सैल सोडून तरंगावे, हात हलवून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर यावे. मग लाटाच आत आणतात. वाचवायला मागून उडी घेणारा दुसरा बुडतो, हे अशा घटनांत वारंवार दिसते. त्याऐवजी दोर, रिकामा पाण्याचा कॅन, गाडीची ट्यूब असे तरंगणारे काही फेकावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक आहेत.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडच्या मुरूडमध्ये पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीत बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता, पावसाळ्याचा नव्हे. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमले. महाराष्ट्रात ही जबाबदारी अजून बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत, स्थानिक मच्छीमार आणि पोलिसांच्या खांद्यावर आहे. नव्या मोजणीनुसार राज्याचा किनारा ७२० ऐवजी सुमारे ८७८ किलोमीटर भरला. जीवरक्षकांची मोजणीही व्हायला हरकत नव्हती.

भरतीची वेळ घरच्या दिनदर्शिकेवर कळते का?

कळते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणा, आलेली वेळ म्हणजे भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचे. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची, म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, लहान. पाणी चढण्या-उतरण्यातला फरक रायगडकडे जास्त, सिंधुदुर्गाकडे कमी. पौर्णिमेच्या संध्याकाळी पूर्ण ओहोटी असल्याने वाळूचे भले मोठे मैदान उघडे पडते. उत्साही मंडळी जीप खाली नेतात, जेवून येईपर्यंत पाणी चाकाला लागलेले असते. ओल्या वाळूत रुतलेली गाडी विमा कंपनीच्या पदरात टाकता येईलच असे नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येते, पण परतीची वेळ चुकली तर किल्ल्यावरच अडकावे लागते.

मग बीडकरांनी जायचे कधी?

पर्यटन व्यवसाय ऑक्टोबर ते मे हा हंगाम सांगतो. दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबरला दर चढे, घाटात रांगा. त्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीतले मधले वार नोकरदार आणि व्यापाऱ्यांना सोयीचे. शाळांच्या सहलीही याच काळात निघतात. त्यांना एसटीत ५० टक्के सवलत आहे.

जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचे गणित मात्र वेगळे आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते, फड मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. समुद्र निवांत असतो तेव्हा ही माणसे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोयता चालवत असतात. यातले कितीतरी फड कोल्हापूर-सांगलीत, म्हणजे किनाऱ्यापासून एका घाटाच्या अंतरावर असतात. हातात उचल फिटून काही उरलेच तर एप्रिल ते मेचा तिसरा आठवडा एवढीच मोकळीक मिळते, तीही लग्नसराईत. जूनला होड्या बंद होतात आणि इकडे पेरणी सुरू होते.