पावती मागणारा शेतकरी दवाखान्यात गप्प का?



भाताचा तरवा टाकण्यापूर्वी आपण मूठभर बी ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो, किती दाणे उगवले ते मोजतो आणि मगच वाफ्यात पेरतो. उसाची गाडी काट्यावर चढली की डोळ्यांत तेल घालून आकडा पाहतो. फवारणीचे औषध घेताना तारीख वाचतो, पावती मागतो. त्यात दुकानदाराचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. पण हाच शेतकरी दवाखान्यात गेला की मुका होतो. पुडीतील बिननावाच्या गोळ्या खिशात घालतो, वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवतो आणि "डॉक्टरसाहेबांना कसं विचारायचं?" असे म्हणत घरी येतो. हा संकोच आपण सोडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरले जाणारे विष मिसळलेले होते. त्याने त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा दोष एकाच माणसाच्या अंगी निघाला नाही. पुरवठादार, खरेदी करणारे, तपासणारे, परवाना देणारे, प्रत्येकाने आपल्यापुरता डोळा मिटला होता. जणू बांधाला दहा ठिकाणी उंदरांनी बिळे केली आणि पाणी सगळ्यांतून एकदम वाहून गेले.

हे जुने झाले असे समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात, सिझेरियननंतर बाळंतिणी आजारी पडल्या आणि त्यांपैकी पाच जणी दगावल्या. संशय सलाईनवर गेला आणि सरकारला त्या कंपनीच्या सलाईनचा वापर थांबवावा लागला. २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लेकरे खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या बाटलीत १९८६ चेच विष निघाले, तेही जवळजवळ निम्मे! जे विष ओळखायला आपण १४ जीव मोजले होते, तेच ३९ वर्षांनी पुन्हा बाटलीत शिरले.

यावरून डॉक्टर व नर्सबाई वाईट आहेत असे मी म्हणत नाही. रात्रभर जागून राबणारी पुष्कळ माणसे त्यांच्यात आहेत. परंतु चांगल्या माणसाच्याही हातून चूक होते. म्हणून केवळ चांगुलपणावर भिस्त न ठेवता तपासण्याची शिस्त लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोठ्याने वाचायची १९ कलमांची एक यादी काढली. रुग्णाचे नाव कोणते, कोणत्या अवयवावर शस्त्रक्रिया आहे, कशाची ॲलर्जी आहे, आत कापूस किंवा हत्यार राहिले नाही ना, असे साधे प्रश्न त्यात आहेत. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून एकाच्याही खाली आले. खर्च जवळजवळ काही नाही, फक्त एक कागद आणि तो वाचण्याची सवय.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. घरात आपण मराठी बोलतो, दवाखान्यातील पाटी कानडीत असते आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत. नंदगडाहून खानापूर, तेथून बेळगाव असा रुग्ण पुढे पाठवला जातो, पण आधी काय दिले याचा कागद पुष्कळदा घरीच राहतो. मग एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात जाते. यात भाषेचे भांडण आणू नये. सांगणाऱ्याने सावकाश सांगावे आणि ऐकणाऱ्याने तेच आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. "म्हणजे ही सकाळी एक, जेवणानंतर, पाच दिवस. बरोबर ना?" एवढे म्हटले तरी पुष्कळ चुका तेथेच पकडल्या जातील.

तेव्हा इतके तरी करा. घरातील प्रत्येकाचे दवाखान्याचे कागद एका पिशवीत ठेवा आणि जाताना ती बरोबर न्या. इंजेक्शन देण्यापूर्वी "हे कशाचं?" म्हणून विचारा आणि पूर्वी कशाने अंगावर पित्त उठले होते ते सांगा. औषध पावतीवरच घ्या आणि ते संपेपर्यंत वेष्टन टाकू नका. औषधाने त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा. १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावरही फुकट कळवता येते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनेही पाळू या. रुग्ण दगावला की हात उगारायचा, काचा फोडायच्या, हा मार्ग नव्हे. ज्या दवाखान्यात चूक कबूल करणाऱ्याला मार बसतो, तेथे चुका लपवल्या जातात आणि लपलेली चूक पुढच्या रुग्णाचा जीव घेते. सरकारी दवाखान्यांना आरोग्य रक्षा समिती असते. आपल्यातील जाणत्या माणसांनी तेथे जाऊन शांतपणे हिशेब विचारावा.

बी तपासायला आपण चार दिवस थांबतो. घरच्या माणसासाठी चार प्रश्न विचारायला लाजू नका.