घरगुती आहे, मग महाग कसं?

परवा ऑफिसात एक गंमत झाली. आम्हाला डबा देणाऱ्या काकूंनी तूप करायला घेतलंय. गाईच्या अख्ख्या दुधाचं दही लावायचं, ते घुसळून लोणी काढायचं, मग कढवायचं. भाव किलोला १८०० रुपये. आमच्या टीममधले एक साहेब ऐकताक्षणी उखडलेच. "अरे, घरगुती आहे ना? मग एवढं महाग कसं?" हे बोलताना त्यांच्या हातात ३०० रुपयांची कॉफी होती, पण ते असो.

आपण पडलो इंजिनिअर, तेव्हा हिशोबच मांडू. गाईच्या दुधात फॅट साधारण साडेतीन ते चार टक्के. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ फॅट. म्हणजे काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी किलोभर तुपाला २५ ते २८ लिटर दूध लागतं. घुसळताना थोडं फॅट ताकात जातंच, कढवताना बेरीचं नुकसान वेगळं. ३० लिटर धरा. लिटरला ५० रुपये धरले तरी नुसतं दूधच झालं १५०० रुपयांचं. उरले ३००. त्यात गॅस. आणि ३० लिटर दूध तापवणं, विरजणं, घुसळणं, लोणी तीनदा धुणं, तुपाला रंग येईपर्यंत शेगडीपाशी उभं राहणं आणि ती तुपकट भांडी घासणं. ताक सोसायटीत फुकट जातं. आता सांगा, महाग कुठल्या बाजूने?

मग डेअरीला ते स्वस्तात कसं जमतं? सोपं आहे. तिथे सेपरेटर यंत्र दूध गरगर फिरवून साय वेगळी करतं, सायीचं तूप होतं आणि उरलेल्या दुधाची पावडर करून तीही विकली जाते. यात पाप काही नाही. म्हशीच्या दुधाची पावडर होणं शक्य नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदच्या हरिचंद दलायांनी ती करून दाखवली, आणि तिच्या जोरावर आपल्या पिढीला दूध मिळालं. मी कुरियन यांना शिव्या घालणाऱ्यांतला नाही.

माझा राग आहे तो मधल्या मंडळींवर. काचेची बरणी, तागाचा कपडा, लेबलवर नऊवारीतली आजी आणि खाली "बिलोना ए-टू तूप, ७०० रुपये". वरचा हिशोब पुन्हा वाचा. ७०० रुपयांत यांना दूधसुद्धा मिळत नाही! शिवाय ए-वन, ए-टू हे दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या प्रथिनाचे प्रकार आहेत, आणि तुपात प्रथिनं जवळपास नसतातच. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने हे दावे काढून टाकायला सांगितलं आणि आठवड्याभरात तो आदेश मागे घेतला. आजी पुन्हा लेबलवर हजर.

दुसरं टोक म्हणजे न तापवलेलं दूध पिणारे. त्यांना हात जोडून सांगतो, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षयही होऊ शकतो. आपल्या आज्या दूध उतू जाईपर्यंत तापवायच्या ते काय हौस म्हणून?

खरं सांगायचं तर "घरगुती" या शब्दातच घोळ आहे. घरी आईने केलं की फुकट, म्हणून दुसऱ्या कुणाच्या आईने केलं तरी निम्म्या भावात हवं. मुंबईच्या गिरणगावात हेच चालायचं. गिरणी कामगार खाणावळवालीकडे जेवायचे आणि पैसे द्यायचे पगार झाल्यावर. तोवर तिने वाण्याची उधारी किंवा सावकाराचं कर्ज काढून चूल पेटती ठेवायची. शेकडो माणसं जेवू घालणाऱ्या या बायका, पण "धंदा" म्हणून त्यांना कोणी मोजत नव्हतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. रेसिपी त्यांना येतच होती, नडत होतं ते भांडवल. कारखान्याच्या अन्नाला पर्याय उभा करायचा म्हणता ना? मग तो इथेच अडतो.

आणि १८०० परवडत नसतील (मलाही दर महिन्याला नाही परवडत), तर पिशवीचं फुल क्रीम दूध घ्या, तापवा, रोजची साय डब्यात साठवा. होमोजिनाइज्ड मात्र नको, त्यावर साय धरत नाही. आठवड्याने विरजण लावा, रविवारी घुसळा. ही पद्धत डेअरीइतकीच हुशार आहे: साय तुपाला, दूध चहाला, ताक कढीला. मी मागच्या रविवारी केलं. पाव किलोसुद्धा भरलं नाही, ओटा धुवायला अर्धा तास लागला आणि काकूंबद्दलचा आदर एकदम वाढला.

उखडलेल्या साहेबांनी अखेर अर्धा किलोची ऑर्डर दिली. काकूंनी त्यांना एवढंच विचारलं, की गेल्या महिन्याच्या डब्याचे पैसे कधी देताय?