चितपट कीं नुरा ?

चैत्र लागला म्हणजे लेण्याद्रीच्या परिसरांत गांवोगांवच्या यात्रांना आरंभ होतो. कुकडीच्या व घोडनदीच्या कांठच्या गांवांतून कुस्त्यांचे फड भरतात, हलगी कडाडूं लागते, प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, आणि दिवस मावळतीकडे झुकला म्हणजे मोठ्या इनामाची शेवटची जोड मैदानांत उतरते. त्या जोडीचा निकाल अपेक्षेपेक्षां लवकर लागला, कीं मागच्या रांगेंतून एक शब्द हमखास ऐकूं येतो : 'नुरा !' दोघां मल्लांनीं आधींच संगनमत करून निकाल ठरविला होता, असा त्याचा अर्थ. आमच्या विद्यार्थ्यांना हा शब्द शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. तो ते वडील माणसांच्या शेजारीं बसून शिकतात. म्हणून या एका शब्दाचा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटलें.

नुरा कुस्ती होतच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. अंग दुखावूं नये, इनाम दोघांनीं वांटून घ्यावें, पुढच्या फडाचें आमंत्रणही हातचें जाऊं नये, अशा हेतूनें लढलेल्या कुस्त्या जाणत्या माणसांनीं पाहिल्या आहेत. प्रश्न एवढाच कीं, जी कुस्ती आपल्या मनासारखी झाली नाहीं ती प्रत्येक नुराच असते काय ?

दिनांक 2 फेब्रुवारी 2025 रोजीं अहिल्यानगर येथें 67 व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत जें घडलें तें सर्वांच्या स्मरणांत असेल. गादी विभागाच्या अंतिम कुस्तींत पृथ्वीराज मोहोळ यांनीं शिवराज राक्षे यांस चितपट केलें, असा निर्णय पंचांनीं दिला. राक्षे हे आपल्या शेजारच्या खेड तालुक्याचे. 2023 सालीं पुण्यास त्यांनीं हाच मान मिळविला होता. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नाहींत, असें त्यांचें म्हणणें पडलें. वाद वाढला, आणि त्या भरांत राक्षे यांनीं पंचांची कॉलर धरून त्यांना लाथ मारली. पुढें शेवटच्या कुस्तींत महेंद्र गायकवाड हेही पंचांच्या निर्णयावर रुष्ट होऊन मैदान सोडून गेले. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरले, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशीं आपल्याकडील पारापारांवर निकाल लागून गेला होता : कोणी म्हणे पंच चुकले, कोणी म्हणे सारें आधींच ठरलेलें होतें. हीं दोन विधानें एकच आहेत, असें समजून लोक बोलत होते. आमचा वाद आहे तो येथेंच.

तो स्पष्ट व्हावा म्हणून दूरदेशींचें एक उदाहरण घेऊं. 25 मे 1965 रोजीं अमेरिकेंतील मेन संस्थानांत लुइस्टन नांवाच्या लहानशा गांवीं मुष्टियुद्धाच्या जागतिक अजिंक्यपदाचा सामना झाला. एका बाजूस मुहम्मद अली आणि दुसऱ्या बाजूस सनी लिस्टन. हा लिस्टन सामान्य गडी नव्हे. 1962 व 1963 सालीं फ्लॉइड पॅटर्सनसारख्या योद्ध्यास त्यानें दोन्ही वेळां पहिल्याच फेरींत लोळविलें होतें. असा मनुष्य अलीच्या उजव्या हाताच्या एका आंखूड ठोशासरशीं पहिल्याच फेरींत भुईवर पडला. तो ठोसा पुष्कळांना दिसलाच नाहीं. अली त्याच्याजवळ उभा राहून त्याला ओरडून उठावयास सांगूं लागला, आणि ठरल्या कोपऱ्यांत जाईना. पंच जर्सी जो वॉलकॉट हे स्वतः एके काळचे जगज्जेते. पण अलीला आवरण्याच्या गडबडींत दहा आंकडे मोजण्याचें काम त्यांच्या हातून नीट झालें नाहीं. लिस्टन उठला, सामना पुन्हां सुरूही झाला. इतक्यांत कठड्याजवळ बसलेल्या नॅट फ्लायशर या संपादकानें ओरडून सांगितलें कीं, दहा आंकडे केव्हांच पुरे झाले आहेत. तेव्हां पंचांनीं सामना थांबविला. प्रेक्षकांनीं 'लबाडी ! लबाडी !' असा गिल्ला केला, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

लबाडी म्हणणाऱ्यांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. लिस्टनचे गुन्हेगारांच्या टोळ्यांशीं लागेबांधे होते, ही गोष्ट प्रसिद्ध होती. एक वर्षापूर्वीं मायामी बीच येथें खांदा दुखावल्याचें सांगून तो सातव्या फेरीस उठलाच नव्हता. परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. त्या सामन्याची चित्रफीत उपलब्ध आहे, आणि तींत ठोसा लिस्टनच्या डोक्यावर बसतांना दिसतो. तो पुढें झेपावत असतांनाच ठोसा बसला, म्हणून त्याचा जोरही दुणावला असला पाहिजे. शिवाय ज्याला निकाल विकावयाचा आहे तो प्रेक्षकांची समजूत पटेल अशा बेतानें चार-सहा फेऱ्या तरी खेळेल. सर्वांना संशय येईल अशा रीतीनें पहिल्याच फेरींत कां पडेल? एवढ्या वर्षांत लबाडीचा निर्णायक पुरावा कोणीं पुढें आणला नाहीं. आमचें मत असें कीं, ठोसा खरा होता, मोजणी सदोष होती, आणि लिस्टनला लवकर उठण्याची इच्छा होती कीं नाहीं हें त्याचें त्यालाच ठाऊक. तो तर 1970 सालच्या अखेरीस हें जग सोडून गेला.

पाहा, एका प्रश्नाचे तीन प्रश्न झाले. घाव बसला काय ? पंचांचें काम बिनचूक झालें काय ? आणि मल्लाच्या मनांत कपट होतें काय ? दुसऱ्याचें उत्तर 'नाहीं' आलें म्हणून तिसऱ्याचें 'होय' येत नाहीं. अहिल्यानगरच्या कुस्तीसही हेंच लागू आहे. चितपट होण्यास दोन्ही खांदे एकाच वेळीं गादीवर दाबून धरलेले दिसले पाहिजेत, आणि एकट्या पंचाच्या म्हणण्यावर ती ठरत नाहीं, दुसऱ्या अधिकाऱ्याची संमति लागते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. डोळ्याचें पातें लवतें तेवढ्यांत हें सारें पाहावें लागतें. तेथें चूक होऊं शकते. पण चूक म्हणजे सौदा नव्हे. ज्या मोहोळांनीं वर्षानुवर्षें तालमींत घाम गाळला त्यांच्या गदेवर पुराव्यावांचून डाग लावणें हा अन्याय होय. त्याचप्रमाणें, पंच चुकले असले तरी लाथ बरोबर ठरत नाहीं, आणि लाथ चुकीची होती म्हणून पंच बरोबर ठरत नाहींत. प्रत्येक गोष्टीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

कोणी म्हणेल, 'मग प्रेक्षकानें तोंड शिवून बसावें काय ?' मुळींच नाहीं. त्यानें मागावें, परंतु योग्य तें मागावें. चित्रफीत सर्वांसमक्ष पुन्हां दाखवा, निर्णयाचें कारण मोठ्यानें सांगा, अशी मागणी फडाच्या चालकांकडे आग्रहानें करावी. जेथें निर्णय उघड्यावर तपासला जातो तेथें संशयाला थारा उरत नाहीं. आणि जेथें तपासण्याचें नाकारलें जातें तेथें प्रामाणिक विजयही लोकांच्या तोंडीं नुरा ठरतो. यांत सर्वांत अधिक नुकसान होतें तें खऱ्या विजेत्याचें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, फडांत शेजारीं बसलेलें मूल कुस्तीबरोबर आपलें बोलणेंही पाहत असतें. आपल्या गांवचा गडी हरला कीं 'नुरा' आणि जिंकला कीं 'वाघ', हा न्याय त्याच्या अंगीं मुरला, तर परीक्षेंत नापास झाल्यावर तें मास्तरांवर ठपका ठेवील आणि पुढें घरांत व गांवांतही तोच न्याय चालवील. आणि विद्यार्थिमित्रांनो, येत्या यात्रेंत तो शब्द तुमच्या ओठांवर आला, तर तो बाहेर पडण्यापूर्वीं वरचे तीन प्रश्न मनाशीं विचारून पाहा. तिसऱ्याचें उत्तर तुम्हांस ठाऊक नसेल, तर हरलेल्याची पाठ थोपटा, जिंकलेल्यास शाबासकी द्या, आणि घरची वाट धरा.