जर्मनीला शिकायला जाताय? व्हिसाची फाइल स्वतः तयार करा

जर्मनीने १ जुलै २०२५ पासून व्हिसाच्या प्रक्रियेतली एक जुनी सोय बंद केली. पूर्वी व्हिसा नाकारला गेला, तर महिनाभरात लेखी हरकत घेता येत असे. त्यासाठी पैसे लागत नसत. राहिलेला कागद जोडता येई, गैरसमज दूर करता येई आणि दूतावास त्याच अर्जाचा पुन्हा विचार करी. आता जगभरात कुठल्याही जर्मन दूतावासात ही सोय उरलेली नाही. नकार आला, तर पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करायचा किंवा थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची, एवढ्या दोनच वाटा शिल्लक आहेत.

हा बदल कागदावर छोटा दिसतो. पण ऑगस्टमध्ये नकार आला आणि ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होणार असेल, तर त्या विद्यार्थ्याचे सहा महिने किंवा वर्ष हातचे जाते. तोवर कर्ज मंजूर झालेले असते, नोकरी सोडलेली असते, नातेवाइकांना सांगून झालेले असते. म्हणून पहिलाच अर्ज शेवटचा आहे, असे समजून तयारी करायला हवी. आणि ती विद्यार्थ्याने व त्याच्या घरच्यांनी स्वतः करायला हवी. 'पॅकेज' घेऊन फाइल दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचे दिवस आता संपले, असे माझे स्पष्ट मत आहे.

'मोफत शिक्षण' म्हणजे नेमके काय?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांहून जास्त भारतीय शिकत होते. या ओढीमागे 'तिथे शिक्षण मोफत आहे' हे वाक्य आहे. ते अर्धेच खरे आहे.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरो भरावे लागतात, एवढेच. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. आपल्याकडच्या इंजिनीअरांच्या आवडत्या म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे. मास्टर्ससाठी ते सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो आहे.

खासगी विद्यापीठांची गोष्ट तर पूर्ण वेगळी. तिथे शुल्क भरपूर आणि प्रवेश तुलनेने सोपा असतो. नेमक्या याच संस्थांची नावे सल्लागारांच्या यादीत वर का असतात, हे समजून घ्या. खासगी संस्थांनी एजंटांना कमिशन देण्याची पद्धत जगभर आहे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून असे कमिशन मिळत नाही. 'आमची सेवा मोफत आहे' असे कोणी सांगितले, तर त्याचा पगार कोण देतो, हा पहिला प्रश्न विचारावा.

सगळी खासगी विद्यापीठे वाईट आहेत, असे नाही. पण संस्थेला तिथल्या राज्याची मान्यता आहे का, अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात चालतो की बराचसा ऑनलाइन, पदवी नेमकी कोण देणार, हे तपासलेच पाहिजे. मान्यताप्राप्त संस्थांची यादी 'होखशूलकोम्पास' या संकेतस्थळावर आहे. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरूंची परिषद ती चालवते. तिथे नाव शोधायला पाच मिनिटे लागतात.

बारा लाखांचे खाते

व्हिसासाठी सर्वांत मोठी अट पैशांची. विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवणाचे पैसे आहेत, हे आधीच सिद्ध करावे लागते. त्यासाठी बहुतेक जण 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात. युरो १०० रुपयांना धरला, तरी हे जवळपास १२ लाख रुपये झाले. जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे ते परत मिळतात. रक्कम बदलत राहते, म्हणून पैसे पाठवण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहावा.

इथे एक धोकादायक पळवाट बाजारात आहे. कुणीतरी व्याजाने पैसे देतो, ते खात्यात भरले जातात, व्हिसा मिळतो आणि मग दरमहा मिळणारे पैसे विद्यार्थी तसेच त्याला परत पाठवत राहतो. कागदावर सगळे ठीक दिसते. पण भाडे, किराणा आणि विम्यासाठी त्याच्या हातात काहीच राहत नाही. पहिल्या महिन्यापासून मिळेल ते काम शोधत फिरावे लागते आणि अभ्यास मागे पडतो. ही अट त्या मुलाला उपाशी राहावे लागू नये म्हणून आहे. तिला वळसा घालणारा स्वतःच्याच पोटावर पाय आणतो.

९९२ युरोंत भागते का? छोट्या गावात काटकसरीने भागते. म्युनिकमध्ये खोलीचे भाडेच यातला मोठा वाटा खाते. शिवाय सरकारी आरोग्य विम्याचे महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातात. हा विमा सक्तीचा आहे आणि विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर साधारण वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो. म्हणून विद्यापीठ निवडताना शहराच्या भाड्याचाही हिशेब मांडावा.

'तिथे पार्टटाइम करून भागवेल' हे गृहीतक तर व्हिसाच्या फाइलमध्ये चालतच नाही. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. ही सवलत चांगली आहे. पण जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो. पहिले सहा महिने या कमाईचा एक युरोही धरू नका.

कर्ज घेणार असाल, तर हप्ते कधी सुरू होणार ते लिहून घ्या. बहुतेक बँका अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने ते वर्षभराची सवलत देतात. जर्मनीत मास्टर्स ठरलेल्या चार सेमिस्टरपेक्षा लांबणे अजिबात दुर्मीळ नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण बँकेचे घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. घर किंवा शेत तारण ठेवण्याआधी आईवडिलांनी हा हिशेब मुलासमोर मांडावा, आणि मुलानेही तो ऐकावा.

पैशांची अट पूर्ण करायला इतरही मार्ग आहेत. मान्य शिष्यवृत्ती असेल, तर ती चालते. जर्मनीत राहणारी व्यक्ती रीतसर हमीपत्र देऊ शकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आणि मुदती प्रवेश घेण्याआधीच वाचाव्यात. अनेकांना ही योजना मुदत उलटल्यावर कळते.

कागद कधीपासून जमवायचे?

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. अनेक विद्यापीठांची अर्जाची मुदत १५ जुलै असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या मास्टर्सच्या बऱ्याच मुदती त्याच्या कितीतरी आधी, काहींच्या तर आदल्या हिवाळ्यातच संपतात. म्हणजे तयारी किमान वर्ष-दीड वर्ष आधी सुरू व्हायला हवी.

सर्वांत आधी एपीएस प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना, काही अपवाद वगळता, ते बंधनकारक आहे. नवी दिल्लीतील जर्मन दूतावासाशी संलग्न कक्ष तुमची गुणपत्रके आणि पदवी खरी आहे का, हे तपासतो. शुल्क १८,००० रुपये आहे. हे प्रमाणपत्र नसेल, तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.

आपल्याकडे इथेच नावांचा घोळ होतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर. एका ठिकाणी वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्या ठिकाणी गायब. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त. हे सगळे कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तपासा. दुरुस्तीला बोर्डात किंवा विद्यापीठात किती खेटे घालावे लागतात, हे सांगायला नको. काही बाबतींत राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागते. पदवी प्रमाणपत्रासाठीही दीक्षान्त समारंभाची वाट पाहत बसू नका; ते आधी कसे मिळेल, याची चौकशी करा.

एटीकेटी लागली असेल, मध्ये वर्ष गेले असेल, तर ते लपवू नका. सगळ्या सेमिस्टरची गुणपत्रके द्यावीच लागतात. आजारपण, घरची अडचण, नोकरी, जे कारण असेल ते दोन ओळींत सरळ लिहावे. एखादे वर्ष वाया गेले म्हणून व्हिसा नाकारला जाईलच असे नाही. खोटा कागद सापडला, तर मात्र पुढची अनेक दारे बंद होतात.

बारावीनंतर लगेच जायचे असेल, तर जास्त सावध राहा. आपली बारावी बहुतेकदा तिथे थेट प्रवेशाला पुरत नाही. भारतात पदवीचे एखादे वर्ष पूर्ण करणे किंवा तिथला पूर्वतयारीचा वर्षभराचा कोर्स करणे, असे पर्याय असतात. 'बारावीवर थेट ॲडमिशन' अशी जाहिरात दिसली, तर संस्था सरकारी आहे की खासगी, हे आधी विचारा.

पत्र कोणाचे?

व्हिसाच्या फाइलमध्ये एक पत्र असते. हाच अभ्यासक्रम का, जर्मनीच का, पुढे काय करणार, हे त्यात सांगायचे असते. बहुतेक फायली इथेच कमकुवत असतात. कारण पत्र विद्यार्थ्याने लिहिलेले नसते.

सल्लागाराच्या कार्यालयात तयार साचा असतो. नाव, कॉलेज आणि विषय बदलला की पत्र तयार. 'लहानपणापासून मला यंत्रांचे आकर्षण होते' अशी सुरुवात वाचून वाचून अधिकारीही कंटाळत असतील. मग मुलाखत झाली आणि 'तिसऱ्या सेमिस्टरला कुठले विषय आहेत?' असे विचारले, की मुलगा गप्प होतो. अधिकाऱ्याच्या मनात शंका येते, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

चांगल्या पत्राला भारी इंग्रजी लागत नाही. अंतिम वर्षाचा प्रकल्प कुठला होता, त्यात काय अडले, ते शिकण्यासाठी या अभ्यासक्रमातले कुठले दोन-तीन विषय उपयोगी आहेत, भारतात तसा अभ्यासक्रम का निवडला नाही, खर्च कोण करणार आणि शिकून झाल्यावर कुठल्या प्रकारचे काम शोधणार, एवढे सरळ लिहिले तरी पुष्कळ आहे. भाषेच्या चुका दुसऱ्याकडून तपासून घ्याव्यात. मजकूर मात्र स्वतःचाच हवा.

इंग्रजीवर भागेल का?

वर्गात कदाचित भागेल. वर्गाबाहेर अवघड आहे. घरमालकाशी बोलणे, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत करायची पत्त्याची नोंदणी, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली पत्रे, दवाखाना, अर्धवेळ काम, सगळीकडे जर्मन लागते. नोकरी शोधताना तर ही अडचण सर्वांत जास्त जाणवते.

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पुणे आणि मुंबईत मॅक्स म्यूलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. जाण्याआधी किमान ए-२, जमल्यास बी-१ पातळी गाठावी. कन्सल्टंटच्या पॅकेजपेक्षा हा खर्च नक्कीच जास्त उपयोगी पडतो.

मग सल्लागाराकडे जायचेच नाही का?

जायला हरकत नाही. पहिल्या पिढीतल्या, तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन लागतेच. पण मार्गदर्शन घेणे वेगळे आणि फाइल सोपवणे वेगळे. अर्ज कुठल्या ईमेलवरून भरला, पासवर्ड कोणाकडे आहे, कुठल्या विद्यापीठांना काय पाठवले, हे विद्यार्थ्याला माहीत हवे. अनेकांना आपल्या नावाने किती अर्ज गेले, हेही ठाऊक नसते. व्हिसा 'हमखास' मिळवून देणारा कोणी नसतो. तो निर्णय फक्त वाणिज्य दूतावासाचा असतो.

अर्ज भरण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत :

१. हाच अभ्यासक्रम का, आणि तो नसेल तर दुसरा कुठला?
२. पहिल्या वर्षाचे पैसे कोणाचे आहेत, आणि दुसऱ्या वर्षाचे कुठून येतील?
३. शिक्षण सहा महिने लांबले, तर हप्ता कोण भरणार?
४. संस्थेची मान्यता स्वतः तपासली का?
५. व्हिसा नाकारला गेला, तर पुढचे वर्ष कसे घालवायचे? नोकरी, भाषा की दुसरा देश?

या पाचांपैकी एकाचेही उत्तर 'ते एजंट बघेल' असे असेल, तर अर्ज थोडा थांबवा. एक सत्र उशिरा गेलेल्या विद्यार्थ्याचे फारसे बिघडत नाही. घर तारण ठेवून, दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रावर आणि उसन्या पैशांवर गेलेल्याचे मात्र बरेच काही पणाला लागलेले असते, आणि त्याचा बोजा इथे राहिलेले आईवडील उचलत असतात.