पाण्याची ओळख

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कन्नड तालुक्यातल्या मळ्यामळ्यांतील विहिरी पूर्वी पोरांनी गजबजून जात. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीतर झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा. कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या वडिलांच्या किंवा काकांच्या हाती. चार दिवस गटांगळ्या खाव्यात आणि एक दिवस डबा सुटावा, असा तो अभ्यासक्रम. त्याला फी नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

आज हे दृश्य विरळ झाले आहे. ऐन उन्हाळ्यात अनेक विहिरींनी तळ गाठलेला असतो. पाणी असले तर त्यात मोटारीचे पाइप आणि वायरी. वडिलांना सवड नाही, मुलाला शिकवणी आहे. पण पोहणे मागे पडले म्हणून पाणी काही दूर गेलेले नाही. पावसाळ्यात शिवना नदी फुगते, अंबाडीचा जलाशय भरतो, पाझर तलाव तुडुंब होतात. त्यात शेततळ्यांची भर पडली. २०१६ साली आलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेत सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होते. म्हणजे जवळजवळ दहा फूट पाणी. विहिरीला निदान पायऱ्या आणि कपारी असतात. प्लास्टिकच्या ओल्या अस्तरावर पाय ठरत नाही. पोहत काठाला आलेलाही वर चढू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे, असे ही संघटना सुचवते. लस टोचण्याइतकेच हेही आईबापांचे काम आहे.

‘आम्हाला तर विहिरीत ढकलून दिले होते, आलेच की पोहायला!’ असे सांगणारे घरोघरी भेटतात. पण जे शिकले तेच हे कौतुकाने सांगतात. ज्यांनी पाण्याची जन्माची धास्ती घेतली, ते गप्प बसतात आणि पुढे आपल्या मुलांनाही पाण्याजवळ फिरकू देत नाहीत.

घाई नको. कमरेइतक्या पाण्यात आपण स्वतः मुलाबरोबर उतरावे. आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढू द्यावेत. मग पाठीखाली हात धरून उताणे तरंगायला शिकवावे, काठ धरून पाय मारू द्यावेत आणि वळून काठाकडे परतण्याचा सराव घ्यावा. ‘सोडू नका हं’ असे मूल म्हणाले, तर सोडू नये. सोडायचे असेल तेव्हा सांगून सोडावे. एकदा फसवलेले मूल पाण्यावर विश्वास टाकत नाही आणि आपल्यावरही.

हे सारे मुलींनाही शिकवायला हवे. भाऊ विहिरीत सूर मारतो आणि बहीण काठावर कपडे सांभाळते, ही जुनी वाटणी आता पुरे. धुण्यासाठी, पाण्यासाठी काठावर जायची वेळ पुष्कळदा तिच्यावरच येते. आईला पोहता येत नसेल तर तिनेही लेकीबरोबर शिकावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र पोहता येऊ लागले म्हणून मुलावरची नजर काढू नये. शेततळ्याला कुंपण असावे. काठाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला असावा आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी. सोबती बुडत असेल तर आपण उडी न घेता मोठ्यांना हाक मारायची आणि दोर किंवा फांदी त्याच्याकडे टाकायची, हेही मुलांना याच वयात सांगून ठेवावे.

येत्या सुट्टीत शिबिरांची आणि शिकवण्यांची यादी करताना या कामासाठी पंधरा दिवस राखून ठेवावेत. तरणतलाव जवळ नसेल, तर नात्यातला एखादा पोहणारा आणि उतरायला सोपे, उथळ, संथ पाणी शोधावे. शिकवताना दोराचे दुसरे टोक मात्र आपल्याच हाती असावे.