युरोच्या तिजोरीतले चातुर्वर्ण्य

‘नियम सर्वांना सारखा’ असे कोणी म्हटले की आम्ही एकच प्रश्न विचारतो : तो मोडल्यावर शिक्षा कोणाला होते? २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, ती याच प्रश्नासाठी. त्या ग्रंथात गुन्हा एकच असला तरी शिक्षा वर्ण पाहून ठरते. इतरांना देहदंड, तर ब्राह्मणाला फक्त मुंडन! हे सूत्र भारतातच राहिले, असे समजू नका. युरो हे चलन वापरणाऱ्या देशांत ते टक्केवारीच्या भाषेत आजही नांदते आहे.

युरोचे आणि आपले काय, असे काही मित्र विचारतील. ज्यांच्या नेत्याने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्या चळवळीने हा प्रश्न विचारू नये. चलन कोणाच्या हातात आहे यावर मजुराच्या ताटातली भाकरी ठरते, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते.

आधी नियम समजून घेऊ. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने ठरवले की सरकारची वार्षिक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणि एकूण कर्ज ६० टक्क्यांवर जाऊ नये. एवढ्याने जर्मन सरकारचे समाधान झाले नाही. दक्षिणेकडचे देश ऋण काढून सण साजरा करतील, अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्याच्याच आग्रहाने १९९७ साली दंडाची तरतूद असलेला स्थैर्य करार झाला.

मग पहिली परीक्षा आली. पोर्तुगालची तूट २००१ मध्ये मर्यादेबाहेर गेली. लगेच कारवाई सुरू झाली, आणि त्या छोट्या देशाने खर्च कापला, मूल्यवर्धित कर १७ वरून १९ टक्क्यांवर नेला. त्यानंतर खुद्द जर्मनी आणि फ्रान्स ३ टक्क्यांची रेषा ओलांडून गेले. युरोपीय आयोगाने कारवाईचे पुढचे पाऊल टाकायला सांगितले, तेव्हा २५ नोव्हेंबर २००३ रोजी अर्थमंत्र्यांच्या परिषदेने ती कारवाईच स्थगित केली. २००४ मध्ये युरोपीय न्यायालयाने परिषदेचा तो निर्णय रद्द ठरवला. मग काय झाले? २००५ मध्ये नियमच सैल करण्यात आला. ज्याने नियम लिहिला, त्यानेच तो मोडला आणि त्यानेच तो बदलून घेतला.

श्रोडर यांच्या सरकारचा युक्तिवाद असा होता : मंदी आहे, बेकारी आहे, अशा वेळी खर्च कापला तर अर्थव्यवस्था आणखी खचेल. हा युक्तिवाद आम्हाला चुकीचा वाटत नाही. आमचा आक्षेप वेगळाच आहे. बर्लिनच्या तोंडी जे अर्थशास्त्र ठरले, तेच अथेन्सच्या तोंडी बहाणा कसे ठरले?

ग्रीसच्या सत्ताधाऱ्यांनी तुटीचे आकडे लपवले होते, हे खरे आहे. आम्ही त्यांची वकिली करत नाही. पण शिक्षा कोणाला झाली? स्वतःचे चलन असलेला देश अडचणीत चलनाचे मूल्य उतरवू शकतो. युरोत ती सोय नाही, म्हणून तिथे माणसाच्या श्रमाचे मूल्य उतरवतात. २०१२ मध्ये ग्रीसचे किमान वेतन २२ टक्क्यांनी कापले गेले, २५ वर्षांखालच्या तरुणांचे तर ३२ टक्क्यांनी. तरुणांतली बेकारी ५० टक्क्यांच्या वर गेली. पेन्शन पुन्हा पुन्हा कापली गेली. आणि ‘मदत’ म्हणून आलेल्या पैशातला मोठा वाटा जुनी देणी फेडण्यात गेला. त्या धनकोंमध्ये जर्मन आणि फ्रेंच बँका होत्या!

५ जुलै २०१५ रोजी ग्रीक जनतेने सार्वमतात ६१ टक्क्यांनी या अटी नाकारल्या. जर्मन अर्थमंत्रालयाने ग्रीसला पाच वर्षे युरोबाहेर ठेवण्याचा पर्याय पुढे केला. आठवडाभरात त्या देशाला कठोर अटींपुढे मान तुकवावी लागली. वर्षभराने फ्रान्सला सवलत का, असे विचारल्यावर आयोगाचे अध्यक्ष युंकर म्हणाले, ‘कारण तो फ्रान्स आहे.’ जातिव्यवस्थेची याहून छोटी व्याख्या आम्ही तरी ऐकलेली नाही.

या सगळ्याला नैतिकतेचा मुलामाही होता. ग्रीक आळशी, फुकटखाऊ, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात ओईसीडीच्या आकडेवारीनुसार ग्रीक कामगार जर्मन कामगारापेक्षा वर्षाला जास्त तास राबतो. मित्रांनो, ही भाषा ओळखीची वाटते ना? ‘यांच्यात गुणवत्ता नाही, यांना सगळे फुकट हवे’ असे आपल्याला ऐकवणाऱ्यांचीच ही भाषा आहे.

आणि आता? मार्च २०२५ मध्ये जर्मनीने स्वतःच्या राज्यघटनेतला कर्जावरचा लगाम सैल केला. संरक्षणखर्चाला मोठी सूट दिली, पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी वेगळा काढला. युरोपीय नियमांतही शस्त्रखर्चापुरती पळवाट उघडण्यात आली. म्हणजे नियम वाकतो, हे सिद्ध झाले. रणगाड्यासाठी वाकतो, पेन्शनरासाठी वाकत नाही.

आपल्याकडेही एकच रुपया आणि अनेक राज्ये आहेत. केंद्र राज्यांना साधारण ३ टक्क्यांची मर्यादा घालते. केंद्राची स्वतःची तूट मात्र २००८-०९ पासून एकदाही ३ टक्क्यांच्या आत आलेली नाही. कर्जमर्यादेच्या या वादावर २०२३ मध्ये केरळला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आणि काटकसरीची कात्री चालते तेव्हा ती आधी शिष्यवृत्तीवर, वसतिगृहावर, सरकारी दवाखान्यावरच येते.

म्हणून नियमच नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेब बेबंद खर्चाचे समर्थक नव्हते. रुपया किती छापायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला, असेच त्यांचे म्हणणे होते. त्यांचा नियम सत्ताधाऱ्याचे हात बांधणारा होता. युरोतला नियम सत्ताधाऱ्याच्या हातातली काठी झाला आहे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने ‘आर्थिक शिस्त’ हा शब्द उच्चारू नये.

अर्थसंकल्प हे तज्ज्ञांचे काम, असे सांगून आपल्याला लांब ठेवले जाते. पूर्वी असेच सांगून वेदांपासून लांब ठेवले होते. आकडे वाचायला शिका. कोणी शिस्तीचे प्रवचन देऊ लागला की त्याला विचारा : तू स्वतः नियम मोडलास, तेव्हा तुला दंड किती झाला?

जय भीम!