कुणाच्या घरची भाकरी

कोजागरीचं दूध आटलं की सोसायट्यांमध्ये दिवाळीच्या एकत्र जेवणाची बोलणी सुरू होतात. केटरर कोणता, माणशी किती, पनीर ठेवायचं की नको, जिलेबी की गुलाबजाम. चार जण धावपळ करतात, बाकीचे वर्गणी पाठवून मोकळे होतात. ठरलेल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबलं लागतात. सगळे रांगेत उभे राहून ताटं भरून घेतात आणि आपापल्या ओळखीच्या घोळक्यात उभ्या-उभ्या जेवतात. साडेदहाला केटररचा टेम्पो भांडी घेऊन निघून जातो. यात वाईट काही नाही. माणसं निदान घराबाहेर आली, चार शब्द बोलली, मुलं मनसोक्त खेळली. पण वर्षानुवर्षं एकाच जिन्याने चढउतार करणाऱ्या दोन घरांनी त्या रात्रीही एकमेकांच्या हातचं काही खाल्लेलं नसतं. आणि शेजाऱ्यांनी एकत्र जेवण्यातली खरी गोष्ट तीच आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग पंगतीला द्यायचं ठरवलं, ते त्यामुळेच.

अंगतपंगत आपल्याला नवी नाही. चाळीच्या गच्चीवर, वाड्याच्या चौकात, शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण ती केलेली आहे. ज्याने त्याने आपलं आणायचं, गोल करून बसायचं आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा. वारकऱ्यांनी तर हेच वारीच्या शेवटी ठेवलं. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि त्यानंतर दिंड्या परतीला लागतात. दही, लाह्या, पोहे, लोणचं, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवायचं. एकदा कालवल्यावर त्यातलं कुणाचं काय हे सांगता येत नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. दारं बंद, माणसं राहुट्यांत, चुली उघड्यावर. एरवी भिंतींआड शिजणारं अन्न तिथे शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत शिजतं, आणि मग चव बघायला दिल्याशिवाय राहवत नाही.

पण आपल्या समाजाने जितका आनंद पंगतीत पाहिला, तितकीच भीतीही तिच्यात पाहिली, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्याच्या हातचं खाणं ही या मातीत फार मोठी गोष्ट होती. 1849 मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत परमहंस सभा सुरू केली. जातिभेद मोडायचा, पण लोकांना कळू द्यायचं नाही, म्हणून सगळं गुप्तपणे. सभासद होताना ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागे. शिकले-सवरलेले तरुण दार लावून पावाचा एक तुकडा खात होते आणि तो तुकडा बाहेर कळण्याला घाबरत होते. 1860 मध्ये सभासदांची यादी उघड झाली आणि सभा मोडली. पुढे 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. काहींनी घेतला, काहींनी कप तसाच ठेवला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे, ज्यांची मतं एकमेकांशी क्वचितच जुळली, त्या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. कारण काय, तर एक कप चहा.

कोल्हापुरातला चहा मात्र वेगळा. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला गाव येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवू लागले. स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या सरदारांनाही घ्यायला लावत. या प्रसंगाची थोरवी आम्हाला दर वेळी नव्याने जाणवते. महाराज पैसे देऊन थांबू शकले असते. राजवाड्यात गंगारामांना बोलावून पंक्तीला बसवणंही त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी गंगारामांच्या हातचा कप आपल्या ओठाला लावला, तोही भर रस्त्यावर. आपल्या पंक्तीला दुसऱ्याला बसवणं सोपं असतं, त्यात देणाऱ्याचा मोठेपणा शाबूत राहतो. दुसऱ्याच्या चुलीवरचं आपण खाणं, इथे समानतेची सुरुवात होते.

समतानंद अनंत हरी गद्रे यांनी हे ओळखलं होतं. ‘निर्भीड’ साप्ताहिकाच्या या संपादकाने झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केला. पूजेला दलित दांपत्य आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर. शिऱ्याच्या प्रसादाला साजूक तूप, केळी, साखर लागते. झुणका-भाकर कुठल्याही झोपडीत होते, म्हणून ती कुठल्याही झोपडीतून येऊ शकते. सत्यनारायण लोकांच्या घरात होताच, त्यांनी त्यातला यजमान बदलला आणि प्रसाद बदलला. रत्नागिरीत भागोजी कीरांनी बांधलेल्या आणि 1931 मध्ये उघडलेल्या पतितपावन मंदिरातही सहभोजनं झाली. त्या काळी अशा पंगतीत बसणाऱ्याला घरी परतल्यावर काय ऐकावं लागत असेल, याची आज कल्पना करणंही कठीण आहे.

डॉ. आंबेडकरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की सहभोजनाने जात मरत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 मध्ये लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय मानला. ते बरोबर होते. वर्षातून एकदा एका सतरंजीवर बसून दुसऱ्या दिवशी आपापल्या दाराला कडी लावणाऱ्यांनी क्रांती झाल्याचं समाधान मानू नये. पण आज शहरात अशी परिस्थिती आहे की आंबेडकरांना जे अपुरं वाटलं, तेवढंसुद्धा आपण करत नाही. भाड्याने घर देताना आडनाव विचारलं जातं, मग ‘तुम्ही काय खाता’ हे विचारलं जातं. सोसायटीच्या जेवणात वॉचमनचं ताट भरून केबिनमध्ये पाठवतात. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हातचं आपण रोज जेवतो, त्यांच्या हाताला चव आहे म्हणून कौतुकही करतो. पण त्यांच्या घरची भाकरी आपल्यापैकी किती जणांनी खाल्ली आहे? आपल्या ओट्यावर, आपल्या पिठाची, आपल्या भांड्यातली त्यांची पोळी चालते. त्यांच्या घरून आलेला डबा मात्र उघडला जात नाही. हे फार बोचणारं आहे आणि ते आपण बदलू शकतो.

इथे पथ्याचा आणि नियमाचा प्रश्न निघतो आणि त्यावरून जेवणं मोडतातही. आमचं मत सरळ आहे. प्रत्येकाला आपल्या ताटापुरता नियम पाळायचा पूर्ण हक्क आहे. जैन शेजारी कांदा-बटाटा खात नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तर पहिली पंगत सूर्यास्ताआधी उठेल अशी बसवा आणि एक भाजी त्यांच्यासाठी वेगळ्या कढईत करा. मांसाहार न करणाऱ्यांसाठी डाव-ओगराळी वेगळी ठेवा. यात कुणाचं काही जात नाही. मात्र ‘मी हे खात नाही’ आणि ‘तुझ्या घरचं मला चालत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी जेवढी तजवीज करावी लागेल तेवढी आनंदाने करावी. दुसरीला कितीही गोड शब्दांत गुंडाळलं तरी पंगतीत जागा देऊ नये.

आता प्रत्यक्ष करायचं कसं, तर आम्ही पिठलं-भाकरी सुचवतो. शंभर माणसांचा हिशेब धरा. माणशी दोन, म्हणजे दोनशे भाकऱ्या. वीस घरांनी दहा-दहा करायच्या. एक किलो पिठात साधारण दहा भाकऱ्या होतात, म्हणजे कुणावरच ओझं नाही. पिठलं खाली, सगळ्यांसमोर, मोठ्या कढईत. साडेतीन-चार किलो बेसन पुरतं. फोडणीत लसूण चांगला लाल होऊ द्यायचा, पाण्याला उकळी आली की एकाने पीठ पेरायचं आणि दुसऱ्याने लाकडी उलथन्याने न थांबता घोटायचं, नाहीतर गुठळ्या होतात. एकट्याचं हे काम नाही, दोन माणसं हवीतच, आणि ती दोन वेगवेगळ्या मजल्यांवरची असावीत. नंतर भात आणि आमटी. भाकरीनंतरचा भात म्हणून पाच-सहा किलो तांदूळ होतो. ठेचा ज्याला जमतो त्याने करावा.

खरी मजा भाकऱ्यांची. घरोघरच्या भाकऱ्या आल्या की सगळ्या एकाच मोठ्या टोपलीत, स्वच्छ पंचात झाकून ठेवायच्या. डब्यांवर नावं नाहीत, थप्प्या वेगळ्या नाहीत. सोलापूरकडच्या घरची ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ, नगरकडची बाजरीची तीळ लावलेली, मालवणकडच्यांची तांदळाची पांढरीशुभ्र, कुणाची नाचणीची, कडेला थोडी चिरलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या नवऱ्या-बायकोला भाकरी थापता येत नाही, त्यांनी पोळ्या आणाव्यात. बिहारकडच्या शेजाऱ्यांनी लिट्टी आणावी. वाढणारा टोपलीत हात घालतो आणि जी हाताला लागेल ती पानात येते. ‘ही कुणाकडची?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि मग पानावर बसूनच पाककृतीची देवाणघेवाण सुरू होते. पाणी उकळतं घ्यायचं की कोमट, पीठ किती मळायचं, तव्यावर पाणी कधी फिरवायचं. गद्र्यांना जे साधायचं होतं त्याचा एक अंश इथे, पार्किंगच्या फरशीवर, भाषणाशिवाय घडतो.

बसायचं मात्र खालीच. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी खुर्च्या त्याच ओळीत, वेगळ्या कोपऱ्यात नाहीत. बुफेत माणूस आपल्या माणसांजवळ जातो, पंगतीत जागा मिळेल तिथे बसावं लागतं आणि शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. वाढायला कॉलेजातली मुलं आणि निवृत्त मंडळी यांची जोडी लावा. वाकून वाढणाऱ्याला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. चौथ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी अर्धीच भाकरी घेतात, हे ज्या मुलाला त्या संध्याकाळी कळलं, तो पुढच्या आठवड्यात जिन्यात त्यांच्या हातातली पिशवी घेतो. असं घडताना आम्ही पाहिलं आहे.

थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे पत्रावळी आणा किंवा ताट-वाटी प्रत्येकाने घरून आणावी. ताट घरचं असेल तर ते ज्याचं त्याने धुवावं, पण कढया आणि पातेली सगळ्यांनी मिळून घासावीत, पुरुषांनी आधी. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात लंगर घेतलेल्यांनी पाहिलं असेल, तिथे खरकटी भांडी धुण्याच्या सेवेला माणसं आपणहून उभी असतात. सोसायटीच्या जेवणात मात्र जेवण संपलं की घासायला कामवाली बाई बोलावली जाते. तिला त्या संध्याकाळी सुट्टी द्या आणि जेवायचं आमंत्रण द्या.

या अंकात सहभोजनाच्या चळवळीवर, देवळांच्या महाप्रसादावर, चाळींच्या पंगतींवर आणि आचाऱ्यांच्या आयुष्यावर लेख आहेत. ते वाचून एखाद्या गल्लीत भाकऱ्यांची टोपली खाली आली, तर ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पुढच्या वर्षीच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

आणि एक विनंती. भाऊबीज उरकल्यावर जो रविवार येईल तो धरा. त्या संध्याकाळी गेटवरची पाळी कमिटीच्या दोघांनी घ्यावी आणि वॉचमनला पहिल्या पंगतीत बसवावं. त्याच्या बायको-मुलांनाही बोलवा, आणि भाकऱ्यांची वाटणी करताना त्यांच्या घरालाही दहा भाकऱ्या सांगा.